याद्यांची पंधरा वर्षे

बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या पाक्षिकाच्या २५ मार्च २०१८ च्या अंकात पाच पानांचा एक लेख आला. लेखकांतली पहिली दोन नावे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली होती : भूषण पटवर्धन आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक शुभदा नागरकर. त्यांच्या जोडीला श्रीधर गद्रे, सुभाष लाखोटिया, विश्वमोहन कटोच आणि कॅनडातले डेव्हिड मोहर. विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्या संशोधन नियतकालिकांना मान्यता दिली होती, त्यांच्या यादीची तपासणी हा लेखाचा विषय. विषय रुक्ष होता. आकडे मात्र झोप उडवणारे होते.

आयोगाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून दाखल झालेली ५,६९९ जर्नल्स होती. त्यांतली १,३३६ या मंडळींनी कोणताही निकष न लावता, यदृच्छेने उचलली. त्यातली ३२७ स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जागतिक सूचींत आधीपासूनच होती. ती बाजूला काढली आणि उरलेली १,००९ एकेक करून तपासली. ३४.५ टक्के जर्नल्स पहिल्याच पायरीवर बाद झाली. कुठे पत्ता नव्हता, कुठे संकेतस्थळाचा तपशील नव्हता, कुठे संपादकांची नावे नव्हती किंवा दिलेली माहितीच चुकीची होती. आणखी ५२.३ टक्के जर्नलांनी चुकीचा आयएसएसएन क्रमांक दिला होता, इम्पॅक्ट फॅक्टरचे, म्हणजे निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांच्या सरासरीचे, खोटे दावे केले होते, भलत्याच सूचींत आपला समावेश असल्याचे सांगितले होते, किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच यथातथा होती. जागतिक सूचींत नसलेल्या या गटातली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल्स सुमार दर्जाची असावीत, असा लेखाचा निष्कर्ष होता.

बोगस जर्नलांना पायबंद घालण्यासाठी जी यादी केली, तिच्यातच ती शिरून बसली होती. त्यांना आत कोणी घेतले, हा प्रश्न त्याहून अवघड होता. कारण शिफारस करणारी सगळी विद्यापीठेच होती. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर २०१० पर्यंत मागे जावे लागते आणि २०२५ पर्यंत पुढे यावे लागते. त्या पंधरा वर्षांतला बराच भाग पुण्यात घडला.

सभेत वाचायचे, मग छापायचे

ही तपासणी पुण्यातून व्हावी याला एक पार्श्वभूमी आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी या शहराने संशोधन छापण्याचे नियम स्वतःसाठी घालून घेतले होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले आणि मूळ कागद जसाच्या तसा वाचकापुढे ठेवण्याची रीत पाडली. १९१० मध्ये त्यांनी आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभेत निबंध वाचायचा, जाणकारांचे आक्षेप ऐकायचे आणि मग तो छापायला द्यायचा, अशी तिथली पद्धत. आज ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात, ते काम तिथे उघड्या सभेत होत होते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये उभे राहिले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. या आवृत्तीत स्वीकारलेल्या पाठाच्या खाली नाकारलेले पाठही छापले आहेत. संपादकाने काय घेतले आणि काय सोडले हे वाचकाला दिसते, त्यामुळे संपादकाचा निर्णय तपासता येतो आणि अमान्यही करता येतो. प्रकाशनातली नैतिकता म्हणजे काय, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल.

त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ते वर्तुळ लहान होते आणि बहुतांशी एकाच सामाजिक थरातले होते. लेखक, संपादक आणि वाचक एकमेकांना ओळखत. चूक केली तर पुढच्या अंकात कोणीतरी ती नावानिशी दाखवून देईल, एवढा धाक पुरत असे. पुढे उच्च शिक्षण तालुक्यापर्यंत पोचले आणि पोचायलाच हवे होते. प्राध्यापकांची संख्या वाढली, पीएचडी करणारे वाढले, आणि ओळखीवर चालणारी ही व्यवस्था तोकडी पडली. तिच्या जागी काय आणायचे याचा विचार झाला नाही. आणला गेला तो गुणांचा तक्ता.

पॉइंटांचा हिशेब

आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या, जर्नलमध्ये एक शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. ३० जून २०१० रोजी प्राध्यापकांसाठीची नियमावली आली आणि ‘एपीआय’, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक, ही तीन अक्षरे स्टाफरूमच्या रोजच्या बोलण्यात शिरली. रेफरीड जर्नलमधल्या निबंधाला १५ गुण. रेफरीड नसलेल्या पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १०. परिषदेच्या प्रोसिडिंगमधल्या पूर्ण निबंधालाही १०. इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर आणखी गुण. पदोन्नती, म्हणजे ‘कॅस’, या बेरजेवर अवलंबून राहिली.

हेतू वाईट नव्हता. वशिल्याने होणाऱ्या नेमणुकांना मोजता येईल असा पर्याय हवा होता. पण ज्या कॉलेजात प्रयोगशाळा नावापुरती आणि ग्रंथालयात जर्नल एकही नाही, तिथल्या साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवून, परीक्षेची आणि प्रवेशाची कामे उरकून संशोधन कधी करायचे, याचे उत्तर तक्त्यात नव्हते. निबंध मात्र हवाच होता. गरज निर्माण झाली की ती पुरवणारे येतातच.

आयएसएसएनबद्दलच्या गैरसमजाने त्यांचे काम सोपे केले. हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता असतो. मोटारीच्या नंबरप्लेटवरून चालक कसा आहे हे कळत नाही, तसेच या क्रमांकावरून जर्नलचा दर्जा कळत नाही. तरीही नियमावलीत त्याचा उल्लेख असल्यामुळे ‘आयएसएसएन आहे ना?’ हाच दर्जाचा प्रश्न होऊन बसला.

धंद्याची पद्धत साधी होती. आदरार्थी विशेषणांनी भरलेला ईमेल यायचा. निबंध पाठवला की दोन-चार दिवसांत स्वीकारल्याचे पत्र, पाठोपाठ शुल्काचा आकडा, पैसे भरले की निबंध संकेतस्थळावर आणि वर रंगीत प्रमाणपत्र. जर्नलच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द हटकून असायचा. कोणी वाचले नाही, कोणी दुरुस्ती सुचवली नाही. लेखकाकडून शुल्क घेणे हा यातला दोष नव्हे. मुक्त प्रवेशाची, म्हणजे वाचकाला फुकट मिळणारी, चांगली जर्नल्सही शुल्क घेतात आणि काही तेही घेत नाहीत. दोष होता तो शुल्क घेऊन तपासणीचे काम न करण्यात, आणि ते केले असे खोटे सांगण्यात.

या धंद्याला ‘प्रीडेटरी’, म्हणजे भक्षक, हे विशेषण अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी चिकटवले. त्यांनी संशयास्पद प्रकाशकांची यादी करून ती जाहीर केली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी एक सापळा लावला. शैवाकातल्या रेणूने कर्करोगाच्या पेशी रोखल्याचा दावा करणारा, ढोबळ चुकांनी भरलेला बनावट निबंध त्यांनी ३०४ जर्नलांकडे धाडला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. सापळ्यातल्या जर्नलांचा सर्वांत मोठा अड्डा भारतात असल्याचे त्यांना आढळले. २०१५ मध्ये शेन आणि ब्यर्क या अभ्यासकांनी हिशेब मांडला : भक्षक जर्नलांतल्या निबंधांची संख्या २०१० मध्ये अंदाजे ५३ हजार होती, ती २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेली. लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतातले होते.

लेखकांना ‘भक्ष्य’ म्हणणे अर्धेच खरे होते. काही जण फसले, हे खरे. पुष्कळांना आपण काय विकत घेतो आहोत याची पुरती कल्पना होती. निबंध मोजणाऱ्या निवड समित्यांनाही ती होती.

एका महिन्यात दोन याद्या

२०१६ मध्ये आयोगाने नियम बदलले. यापुढे आयोगाने जाहीर केलेल्या जर्नलांतल्या निबंधांनाच गुण. १० जानेवारी २०१७ रोजी ती यादी आली : ३८ हजारांवर जर्नल्स. त्याच महिन्याच्या मध्यास बील यांची यादी इंटरनेटवरून अचानक नाहीशी झाली. विद्यापीठाकडून आलेल्या दबावामुळे आणि नोकरी जाण्याच्या भीतीने ती बंद केली, असे त्यांनी पुढे लिहिले. जगातली सर्वांत चर्चित काळी यादी मिटली, त्याच महिन्यात भारतात सरकारी पांढरी यादी उघडली.

पांढऱ्या यादीत भर घालण्याचा अधिकार विद्यापीठांना होता. वर सांगितलेली ५,६९९ जर्नल्स आली ती याच दारातून. शिफारस करताना ती वाचली कोणी, याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. विभागाने नाव सुचवायचे, विद्यापीठाने पुढे पाठवायचे, आयोगाने यादीत चढवायचे. तीन सह्यांपैकी प्रत्येकाला वाटत होते की तपासणी दुसऱ्या दोघांनी केली असेल. यादीत आल्यावर जर्नलवाल्यांची जाहिरात बदलली. ‘आयएसएसएन’च्या जोडीला ‘यूजीसी अप्रूव्हड’, म्हणजे आयोगमान्य, हा शिक्का आला आणि तो सरकारी असल्याने अधिक किमती ठरला.

पुणे विद्यापीठातल्या लेखानंतर घटना भराभर घडल्या. मे २०१८ च्या सुरुवातीला आयोगाने यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. जुलैमध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाबरोबर या धंद्यावर मालिका चालवली. त्याच जुलैत वाङ्मयचौर्यविरोधी नियमावली आली. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याकडे दुर्लक्ष, पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या, आणि ६० च्या वर पीएचडीची नोंदणीच रद्द. पटवर्धन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. ज्यांनी यादीवर बोट ठेवले होते, त्यांच्याकडेच ती दुरुस्त करण्याचे काम आले.

पुण्यात भरलेली चाळणी

२८ नोव्हेंबर २०१८ रोजी आयोगाने ‘केअर’ची, म्हणजे शैक्षणिक आणि संशोधन नैतिकतेसाठीच्या संघाची घोषणा केली. नवी यादी १४ जून २०१९ पासून लागू झाली. जर्नल तपासणीचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रकाशन नैतिकता केंद्रात बसला. देशभरातून शिफारशी यायच्या आणि ठरलेल्या निकषांची चाळणी पुण्यात लागायची. पहिल्या गटात या चाळणीतून गेलेली जर्नल्स, दुसऱ्या गटात जागतिक सूचींतली. ‘केअर लिस्टेड आहे का?’ हा आता नवा प्रश्न झाला.

पूर्वीच्या यादीपेक्षा ही व्यवस्था कितीतरी सरस होती. निकष जाहीर होते आणि यादीचा आढावा वेळोवेळी घेतला जात होता. पण धंदेवाल्यांनी नवी वाट काढली, क्लोन जर्नलची. एखादे जुने, प्रामाणिक, फक्त छापील निघणारे त्रैमासिक यादीत असते. त्याचे संकेतस्थळ नसते. कोणीतरी त्याच्याच नावाने, त्याच्याच आयएसएसएनसह संकेतस्थळ काढतो आणि निबंध मागवून शुल्क गोळा करतो. मूळ संपादकाला पत्ताही नसतो. ‘केअर’ला अशा नकली जर्नलांची वेगळी नोंद प्रसिद्ध करावी लागली. हा फटका भारतीय भाषांतल्या लहान नियतकालिकांना अधिक बसणार हे उघड होते. वर्गणीदारांच्या बळावर आणि एका संपादकाच्या हौसेवर चालणाऱ्या त्रैमासिकाकडे संकेतस्थळासाठी माणूस कुठून येणार?

अस्सल जर्नलांवरही यादीचा परिणाम झाला. नाव यादीत आले की निबंधांचा लोंढा सुरू होई. विशेषांकांचा सपाटा लावून त्याचे पैसे करण्याचा मोह ज्यांना आवरला नाही, त्यांनी आपली वर्षानुवर्षांची पुण्याई खर्च केली. दर्जा ओळखण्यासाठी केलेली यादीच दर्जा घसरण्याचे एक कारण होत होती.

यादीखेरीज आयोगाने आणखी एक गोष्ट केली आणि ती कमी गाजली. ९ ऑगस्ट २०१९ च्या बैठकीत पीएचडीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी ‘संशोधन आणि प्रकाशन नैतिकता’ हा दोन क्रेडिटांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम मंजूर झाला. शोधनिबंधाचे लेखक कोणी म्हणवून घ्यावे, एकच काम तुकडे करून चार ठिकाणी छापणे का गैर, चूक आढळल्यावर निबंध मागे कसा घ्यायचा, संपादकाने हितसंबंध का जाहीर करायचे, हे त्यात शिकवायचे. ब्रिटनमध्ये वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी १९९७ मध्ये ‘कोप’ ही संस्था काढली ती याच प्रश्नांवर एकमेकांचा सल्ला घेण्यासाठी. आपल्याकडे ते प्रश्न अभ्यासक्रमात यायला आणखी बावीस वर्षे लागली.

लोणी काळभोरच्या बाजूने

या काळात पुण्याच्या उच्च शिक्षणाचा नकाशाही बदलला. गणेशखिंड आणि डेक्कन जिमखाना यांपुरते असलेले ज्ञानक्षेत्र शहराच्या वेशीबाहेर पसरले. सोलापूर रस्त्यावर, मुळा-मुठेच्या काठी, हवेली तालुक्यातल्या लोणी काळभोरला राज कपूर यांची ‘राजबाग’ होती. तेल कंपन्यांचे डेपो आणि उसाची शेते यांच्यामधल्या त्या जागेत आज २०१५ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेले एमआयटी कला, संरचना आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. शहराच्या इतर दिशांनाही अशी खासगी विद्यापीठे उभी राहिली.

या विद्यापीठांना शंभर वर्षांचे त्रैमासिक वारशात मिळालेले नाही. सभेत निबंध वाचून आक्षेप झेलण्याची परंपरा त्यांना मुद्दाम घालून घ्यावी लागते. त्यांच्यावर ओझेही निराळे असते. राष्ट्रीय क्रमवारीत निबंधांची आणि संदर्भांची संख्या मोजली जाते, क्रमवारीवर प्रवेश अवलंबून असतात, आणि खासगी विद्यापीठ चालते ते प्रवेशांच्या शुल्कावर. शिवाय कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या विभागात संशोधन म्हणजे दरवेळी निबंध असतोच असे नाही. एखादी रचना किंवा एखादा प्रयोग हेही संशोधन असू शकते. कोणत्याही राष्ट्रीय यादीत त्यासाठी रकाना नसतो. म्हणून मध्यवर्ती यादीची गैरसोय अशा ठिकाणी आधी जाणवते आणि यादी गेल्यावर स्वतः निर्णय घेण्याची पाळीही आधी येते.

यादी मिटली

नियम हळूहळू सैल होऊ लागले होते. २०१८ च्या नियमावलीने कॉलेजातल्या प्राध्यापकांवरचा संशोधनाचा दट्ट्या कमी केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती उठली. दरम्यान मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशकाला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला होता. ग्राहकांची दिशाभूल, हा त्याचा आधार. संशोधनाच्या फसवणुकीवर व्यापाराच्या कायद्याने बडगा उगारला, हेही या काळाचे एक वैशिष्ट्य.

अखेर ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आयोगाने ‘केअर’ यादी बंद करत असल्याचे जाहीर केले. निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत झाला होता. सगळे अधिकार एका ठिकाणी गोळा झाले, जर्नलांना आत घ्यायला उशीर होतो, निर्णयांत पारदर्शकता नाही, भारतीय भाषांना न्याय मिळत नाही, ही कारणे पुढे आली. यादीऐवजी आयोगाने आठ गटांत ३६ मापदंड सुचवले आणि जर्नलची निवड विद्यापीठांवर सोपवली.

यात एक धोका सरळ दिसतो. २०१७ मध्ये ५,६९९ जर्नलांची शिफारस करणारी विद्यापीठेच होती, आणि आता निर्णय पुन्हा त्यांच्याकडे आला आहे. ३६ मापदंडांपुढे टिकमार्क करून फाइल पुढे सरकवायची, हा जुना खेळ नव्या तक्त्यावर खेळता येईल. दुसरीकडे स्कोपसमध्ये असेल तेच मोजू, असे म्हणून एखादे विद्यापीठ हा निर्णय परदेशी कंपनीच्या हवाली करील. तसे झाले तर महाराष्ट्र साहित्य पत्रिका, समाज प्रबोधन पत्रिका किंवा इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांत मराठीतून लिहिणाऱ्याचे संशोधन तिथे मोजले जाणार नाही. मराठीत इतिहास, लोकसाहित्य, भाषाशास्त्र यांवर काम करणाऱ्यांना हे परवडणारे नाही.

तरीही यादी जाण्यात मला संधी दिसते. पंधरा वर्षांत आपण चार निकष आणले : आधी आयएसएसएन, मग आयोगाची मान्यता, मग ‘केअर’, आणि आता मापदंड. प्रत्येक वेळी प्रश्न होता तो निबंध कुठे छापला याचा. निबंधात काय आहे हे विचारले गेले नाही, कारण त्यासाठी वाचावे लागते, आणि वाचून दिलेल्या मताची जबाबदारी घ्यावी लागते. क्रमांक किंवा यादी पुढे केली की मत द्यावे लागत नाही. बोगस जर्नल हा या टाळाटाळीचा परिणाम आहे. म्हणून जर्नल्स बंद करून तो प्रश्न सुटत नाही.

जबाबदारी घेण्यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे संशोधन सल्लागार समिती असते आणि त्याने ठरावीक मुदतीने तिच्यापुढे उभे राहावे असा नियम आहे. पदोन्नतीच्या मुलाखतीत विषयतज्ज्ञ बसतातच. त्यांनी दहा निबंधांची यादी मागण्याऐवजी दोनच निबंध आधी मागवावेत, वाचावेत आणि त्यांवर प्रश्न विचारावेत. संपादक मंडळावर नाव देणाऱ्या प्राध्यापकाने वर्षात किती निबंध स्वतः तपासले हे विद्यापीठाने विचारावे. लोणी काळभोरचे तरुण विद्यापीठ असो की गणेशखिंडचे जुने पुणे विद्यापीठ, ‘यादीत होते म्हणून धरले’ हे उत्तर आता कोणालाच देता येणार नाही. निबंध ज्यांनी मान्य केला, त्यांना तो का मान्य केला हे चार ओळींत लिहून खाली नाव घालावे लागेल. त्या चार ओळी लिहायच्या तर निबंध आधी वाचावा लागेल.